भोपळ्याला रात्रीचा गारवा, कलिंगडाला दुपारचं ऊन

वाचकाचं पत्र

आक्का, नमस्कार. मी करवीर तालुक्यातला ऊस लावणारा शेतकरी. घरामागं चार गुंठे मोकळे आहेत. मोबाईलवर परदेशातले गाडीएवढे भोपळे बघितले आणि यंदा फेब्रुवारीत 'अटलांटिक जायंट'चं बी ऑनलाइन मागवून वीस आळी लावली. शेजारच्या दोन सऱ्यांत कलिंगड. त्याचं बी मागच्या उन्हाळ्यात बाजारातनं आणलेल्या एका साखरेसारख्या गोड फळाचं जपून ठेवलेलं. भोपळ्याच्या वेली नुसत्या माजल्या. फुलं टोपलीभर, पण मादी कळ्या पिवळ्या पडून गळायच्या. दोन फळं धरली, नारळाएवढी झाली, आणि आतनं अळ्या निघाल्या. दुकानदारानं दिलेला फळमाशीचा सापळा लावला होता, त्यात माश्याही भरपूर पडत होत्या, तरी हे असं. कलिंगडं पाणचट निघाली, एकासारखं दुसरं नाही. शेजारी म्हणतो, भोपळ्याजवळ लावलंस म्हणून चव गेली. आपल्या उन्हात हे होणारच नाही का? अमेरिकेतला भाचा चांगलं बी पाकिटातनं पाठवतो म्हणतोय. बायको म्हणते, त्यापेक्षा मेथी टाका.

आक्कांचं उत्तर

दादा,

वहिनींना सांगा, मेथीचं विसरले नाही. तिच्याकडं शेवटी येते.

तुमच्या वीस आळ्यांचं वाचून हसू आलं, कारण पहिल्या वर्षी मीही असंच केलं होतं. ऊस लावणाऱ्या माणसाला मोकळी जागा बघवत नाही. पण तुम्ही एकाच वावरात, एकाच महिन्यात दोन अशी पिकं लावलीत की ज्यांचं हवामानाच्या बाबतीत विळ्या-भोपळ्याचं नातं आहे. कलिंगडाला उन्हाळा मानवतो. दांडगा भोपळा उन्हाळ्यात कुढतो. फेब्रुवारीत लावलात तेव्हाच अर्धा डाव गेला.

दुपारच्या उन्हाला सगळे शिव्या देतात, पण भोपळ्याचं नुकसान होतं रात्री. दिवसभर पानं साखर तयार करतात आणि रात्रभर वेल तिच्यातली थोडी स्वतःच्या जगण्यासाठी खर्च करते. रात्र गार असली की खर्च आवरतो आणि उरलेलं फळाकडं जातं. एप्रिल-मेत रात्री दहाला घराच्या भिंतीला हात लावून बघा, अजून गरम लागते. अशा रात्री वेल दिवसाची कमाई बसल्या जागी उडवते. मग काटकसर करायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड मादी कळीवर, कारण फळ पोसणं हा सगळ्यात महाग धंदा. वर दुपारी पारा पस्तिशीच्या पलीकडं गेला की नर फुलातला परागही दुबळा होतो. भोपळावर्गातल्या वेलींची आणखी एक खोड आहे: गरमी आणि लांब दिवस असले की नर फुलं जास्त, थंडी आणि लहान दिवस असले की मादी फुलं जास्त. तुमची टोपलीभर फुलं कुठल्या जातीची होती, ते आता कळलं असेल.

यात युरियाचा हात असणारच. पत्रात तुम्ही लिहिलं नाही, पण 'वेली नुसत्या माजल्या' या शब्दांत मला युरियाचं पोतं दिसलं. उसाला सवयीनं टाकतो तसा मूठ-मूठ टाकला असेल. नत्र जास्त झालं की पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि फळाचं नाव नाही.

आता गाडीएवढ्या भोपळ्याबद्दल. तुमच्या भ्रमाचा भोपळा मीच फोडते, म्हणजे पुढं वाईट वाटायला नको. २०२३ साली अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या ट्रॅव्हिस गिंगर या बागकामाच्या शिक्षकानं १२४७ किलोचा भोपळा आणून विक्रम केला. २०२५ मध्ये इंग्लंडच्या इयान आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांनी १२७८ किलोंच्या वर जाऊन तो मोडला. बी तेच, अटलांटिक जायंट, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करून घडवलेलं. पण त्या मुलखात जून-जुलैत दिवस पंधरा-सोळा तासांचा आणि रात्र गार. आपला मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास, आणि तोही नेमका उकाड्यात आणि पुढं पावसाच्या ढगात. थंडीत रात्री छान गार, पण दिवस अकरा तासांचा. म्हणजे दोन्ही गोष्टी एकत्र आपल्याला कधीच मिळत नाहीत. त्यातली जी मिळते ती घ्यायची. मी थंडी घेते.

माझा सगळ्यात मोठा भोपळा अठ्ठावन्न किलोचा. गुऱ्हाळावरच्या काट्यावर घातला तेव्हा गुळव्या म्हणाला, "आक्का, दोन रवं झालं की वो!" रवा म्हणजे गुळाची ढेप. तीस किलोच्या दोन रव्यांना दोन किलो कमी. अमेरिकेत त्याला कुणी विचारणार नाही, पण आमच्या गल्लीत तीन दिवस माणसं बघायला येत होती. तुम्ही चाळीस-पन्नास डोळ्यांपुढं ठेवा, वर गेला तर आनंद.

वेळापत्रक असं धरा. आता जून लागलाय, चार महिने हातात आहेत. घरामागची जागा पंचगंगेच्या पुरात जाते का ते आधी बघा. २०१९ आणि २०२१ मध्ये तिथं पाणी आलं असेल तर निचरा व्हायला आणि वाफसा यायला वेळ लागेल, मग उंचवट्याची जागा निवडा. गणपती गेले की बी कपात लावायचं, नवरात्राच्या सुमाराला रोप जमिनीत. म्हणजे फळ धरायची वेळ कार्तिकात येते आणि पोसायचे दोन महिने मार्गशीर्ष-पौषातल्या थंडीचे. जानेवारीच्या शेवटी काढायचा.

वीस वेली नकोत. चार गुंठ्यांत भोपळ्याच्या फक्त दोन. एका वेलीला अर्धा गुंठा सहज लागतो. प्रत्येकीला चार फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट खोल खड्डा घ्या आणि पावसाळ्यातच भरून ठेवा: आठ-दहा घमेली कुजलेलं शेणखत, नदीकाठचा पोयटा मिळाला तर तो, आणि साखर कारखान्याची मळी, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, घालणार असाल तर जुनी, कुजलेली. ताजी मळी खड्ड्यात तापते आणि मुळ्या भाजते. उकिरड्यावर आपोआप उगवलेला भोपळा घरच्या लावलेल्यापेक्षा नेहमी दांडगा का होतो, याचं उत्तर त्या खड्ड्यात आहे. बाकी खतांचं फार मनावर घेऊ नका. फळ धरल्यावर पोटॅश थोडं वाढवा, युरियाचं पोतं उसाकडं न्या.

वेल धावायला लागली की मुख्य वेल एका दिशेला सरळ सोडायची, बाजूचे फुटवे डाव्या-उजव्या हाताला काटकोनात. फुटव्याला फुटलेला फुटवा मात्र दिसला की खुडायचा. आणि एक काम कंटाळा न करता: प्रत्येक पेरावर ओंजळभर माती टाकत जायची. पेराला खालनं मुळी फुटते, वेल जागोजागी पाणी पिते, वाऱ्यानं उलथतही नाही. राहिलेल्या जागेवर उसाचं वाळलेलं पाचट अंथरा. लोक पाचट पेटवतात तेव्हा माझा जीव तुटतो. एवढं फुकटचं आच्छादन कुठल्या देशात मिळतं सांगा.

आता फळ धरायचं काम. हे मधमाश्यांवर सोडू नका, कारण सगळ्या वर्षाचा हिशेब एका फुलावर आहे. बुडख्यापासून नऊ-दहा फुटांवर, मुख्य वेलीवरची मादी कळी हेरून ठेवा. मादी ओळखायला सोपी, फुलाच्या खाली लिंबाएवढा छोटा भोपळा असतो. नराला नुसता लांब दांडा. कळीचं टोक हिरव्याचं पिवळसर झालं की उद्या सकाळी उमलणार असं समजा. त्या संध्याकाळी तिच्या तोंडाला लोकरीचा धागा सैल बांधायचा, शेजारच्या दोन नर कळ्यांनाही. सकाळी सातच्या आत जायचं, उन्हं अंगावर यायच्या आधी. नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या सोलून टाकायच्या, हातात राहतो तो पिवळ्या भुकटीचा बोटभर दांडा. मादी कळी सोडली की ती हातातच हळूहळू उलगडते. आत चार-पाच फाकींचा गड्डा असतो, मेण लावल्यासारखा चकाकणारा. त्या प्रत्येक फाकीवर दांडा फिरवायचा, दाबायचा नाही, कुंकू लावल्यासारखा. एकही फाक कोरडी राहिली तर फळ त्या बाजूनं चेपलेलं होतं. मग परत धागा बांधायचा आणि वर पातळ कापडाची पिशवी. दहा दिवसांत फळ मुठीएवढं झालं की जमलं.

असं दोन-तीन फुलांचं करा, पण पंधरा दिवसांनी वेलीवर एकच फळ ठेवा. तिथं मन घट्ट करावं लागतं. एक वर्ष मी लोभानं दोन ठेवली. एक एकतीसचं झालं, दुसरं सत्तावीसचं. बेरीज अठ्ठावन्नच! पण दोन तुकड्यांत बघायला गल्लीतनं कोण येणार?

फळाखाली वाळूचा थर द्या म्हणजे बूड ओलं राहून सडत नाही. वर चार काठ्या रोवून किलतान, म्हणजे गोणपाट, ताणा. उघड्या उन्हात साल लवकर राठ होते, आणि राठ साल आतनं वाढणाऱ्या गराला जागा देत नाही. पाणी मात्र उसासारखं पाटानं सोडायचं नाही. दुपारी पानं मलूल झाली की घाबरून मोटर चालू करू नका. संध्याकाळी परत ताठ झाली तर वेलीचं बरं चाललंय. चार बोटं माती उकरून बघायची, ओल लागली तर थांबायचं. ठिबक असेल तर उत्तम. आमच्याकडं एकदा आठवडाभर लाईटीचा खेळखंडोबा झाला, माती भेगाळली, आणि रात्रीची लाईट आल्यावर मी हपापल्यासारखं पाणी दिलं. सकाळी चहा पीत होते तर मागच्या दारी बंदुकीसारखा आवाज. जाऊन बघते तर भोपळ्याला देठापासून बुडापर्यंत चीर. त्या दिवसापासनं रोज थोडं, ठरल्या वेळी, एवढा एकच नियम पाळते.

तुमच्या अळ्यांकडं येते, कारण पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच होती: सापळ्यात माश्या पडत होत्या. पडणारच. पण बहुतेक त्या आंब्याच्या होत्या. फळमाश्या दोन तऱ्हेच्या लक्षात ठेवा. आंबा-पेरूची वेगळी, ती मिथाइल युजेनॉलच्या वासावर येते. भोपळा, काकडी, दोडका, कलिंगड पोखरणारी वेगळी, तिला क्यू ल्युअर लागतो. दुकानात 'फळमाशीचा सापळा द्या' म्हटलं की उन्हाळ्यात पहिला आंब्याचाच हातात पडतो. तुम्ही शेजाऱ्याच्या आंब्याची राखण केलीत, दादा! पुढच्या वेळी पाकिटावर 'क्यू ल्युअर' हे शब्द वाचूनच घ्या. आणि नुसत्या सापळ्यावर विसंबू नका, त्यात फक्त नर येतात. अंडी घालणारी मादी कोवळ्या सालीत सुई खुपसतेच, म्हणून परागीकरणानंतर लगेच पिशवी घालायची आणि साल निबर होईपर्यंत काढायची नाही. किडकी फळं उकिरड्यावर टाकली असतील तर तिथनंच पुढची पिढी उठली. ती दोन फूट खोल पुरा.

रोप दोन पानांचं असताना लाल भुंगेरे पानांची चाळण करतात, तेव्हा आठवडाभर मच्छरदाणीचा तुकडा घाला. थंडीत भुरी येते. पानांवर पीठ सांडल्यासारखं दिसलं की त्याच दिवशी हालचाल करा, आठवड्यानं नको. फवारणी काहीही असो, संध्याकाळी. सकाळी फवारलंत तर मधमाश्या मरतील आणि कलिंगडाला फळ कोण धरवणार?

कलिंगडाचं तुमचं वेळापत्रक फारसं चुकलं नव्हतं. संक्रांत झाली की लावा, फेब्रुवारीच्या आत. म्हणजे वळवाच्या गारांच्या आधी बरीचशी फळं घरात येतात. चुकलं ते बी. बाजारातलं ते साखरेसारखं फळ हायब्रीडचं असणार. हायब्रीडच्या पोटातलं बी लावलं की आई-बापाचे गुण विखुरतात, एक फळ आज्यावर, एक मामावर. तुम्ही लिहिलंतच की, एकासारखं दुसरं नाही. बी धरायचं तर सरळ वाण लागतं. आपल्याकडं हायब्रीड यायच्या आधी शुगर बेबी आणि असाही यामाटो हीच दोन नावं होती, बंगळुरूच्या बागवानी संशोधन संस्थेचं अर्का माणिकही चांगलं. ही मिळतात, उन्हाला टिकतात, आणि त्यांचं बी पुढच्या वर्षी तसंच्या तसं फळ देतं. राजस्थानातला मतीरा, म्हणजे तिकडचं कलिंगड, तर वाळूत नुसत्या पावसावर येतो. १६४४ साली मतीऱ्याच्या एका वेलीवरून बिकानेर आणि नागौरची लढाई झाल्याचं तिकडं सांगतात. बांधावरून भांडणारे आपणच नाही.

परदेशी जुन्या वाणांपैकी 'मून अँड स्टार्स' बघितलं असेल. गर्द हिरव्या सालीवर पिवळे ठिपके आणि एखादा मोठा गोल, पानांवरही तसेच शिंतोडे. १९२६ मध्ये अमेरिकेत विकायला आलं, मग बाजारातनं नाहीसं झालं, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मिसुरीतल्या एका शेतकऱ्याकडं परत सापडलं. त्यानं वर्षानुवर्षं बी धरलेलं म्हणून ते आज आहे. आकाराचाच नाद असेल तर 'कॅरोलिना क्रॉस'. २०१३ साली टेनेसीच्या ख्रिस केंटनं त्याचं १५९ किलोचं कलिंगड काढलं. ही दोन्ही शंभर दिवसांच्या आसपासची, म्हणजे आपल्याकडं वळवाशी गाठ. म्हणून संक्रांतीनंतर एक आठवडाही दवडू नका.

शेजाऱ्याचं म्हणणं मात्र सोडून द्या. कलिंगडाचा संकर कलिंगडाशीच होतो, भोपळ्याशी नाही. आणि परका पराग लागला तरी त्याचा परिणाम बियांत, पुढच्या वर्षी. यंदाचा गर आईचाच. तुमचं फळ पाणचट झालं ते बियाबरोबरच शेवटपर्यंत दिलेल्या पाण्यानं, किंवा आधी तोडल्यानं. तोडायच्या आठ दिवस आधी पाणी कमी करा. देठाजवळचा कुरळा तणावा पूर्ण वाळलाय, जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा लोणी-पिवळा झालाय, आणि टिचकीला टणटण न वाजता बदबद वाजतंय, या तिन्ही खुणा जमल्या तरच तोडा. कलिंगड आंब्यासारखं आढीत पिकत नाही. एप्रिलच्या उन्हात उघड्यावरच्या फळांवर पाचटाची मूठ टाका, नाहीतर त्या बाजूनं भाजतात. बी धरायचं ते वेलीवरच्या पहिल्या चांगल्या फळाचं, धुऊन सावलीत वाळवून, राख लावून. आसपास दुसरी कलिंगडं असतील तर ते फूल भोपळ्यासारखंच हातानं बांधून घ्या.

भाच्याला नको म्हणा. परदेशातनं बी पाकिटात घालून आणणं किंवा मागवणं २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशाच्या विरुद्ध आहे. आयात परवाना आणि रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. हा नुसता कागदी नियम नाही. कलिंगडाचे काही विषाणू बियातनंच प्रवास करतात, आणि एका पाकिटापायी तालुक्यातली कलिंगडं गेली तर लोक भाच्याला नाही, तुम्हाला धरतील. २०२० मध्ये पत्ता नसलेली बियांची पाकिटं देशोदेशी टपालानं येत होती, तेव्हा आपल्या कृषी खात्यानंही सावध केलं होतं. ऑनलाइन घ्यायचं तर इथल्या परवानाधारक विक्रेत्याचं, पाकिटावर लॉट नंबर आणि तारीख असलेलं. निळ्या कलिंगडाचा फोटो लावणाऱ्याचं तर मुळीच नको, निळं कलिंगड जगात नाही. तुमचं यंदाचं बी खरंच अटलांटिक जायंट होतं का, हेही वेलीवर फळ सुकून राहिलं असेल तर कळेल. देठ बघा. गोल, जाड, बुचासारखा मऊ असेल तर त्याच कुळातलं. पाच कंगोऱ्यांचा, कडक आणि फळाजवळ पसरलेला असेल तर तुम्हाला आपला नेहमीचा लाल भोपळाच परदेशी नावानं विकलाय.

आणि तसं असेल तर तो टाकू नका. आपला लाल भोपळा गरमी सोसतो, तुमच्या दोन दांडग्या वेलींशेजारी एक त्याची लावा, कारण वहिनींनी घाऱ्यांचं विचारलं की उत्तर तयार हवं. दांडग्या भोपळ्याचा गर पाणीदार आणि धागेदार, गूळ कितीही घाला, घारी तेलात फुटते. मी करून बघितल्या आहेत. तो भोपळा शेवटी आमच्या म्हशीनं खाल्ला आणि तिची काही तक्रार नव्हती.

राहिली मेथी. नवरात्रात रोप लावाल तेव्हा अर्ध्या गुंठ्यात एक वीतभर रोप आणि भोवती सगळं रिकामं असेल. खड्ड्याभोवती हातभर जागा सोडून बाकीत मेथी विस्कटा. वेल तिथवर पोचायला महिना लागतो, मेथी तोवर दोनदा भाकरीबरोबर खाऊन होते. वहिनींना म्हणावं, पहिली पेंडी आक्काची.

— आक्का